फुलांआधी फुलदाणी

फुलदाणी निवडताना बहुतेक जण आधी तिच्या रंगाकडे पाहतात. मी आधी तिच्या तोंडाकडे पाहते. तोंड अरुंद असेल, तर चार-पाच देठही एकमेकांना आधार देत उभे राहतात; रुंद तोंडाच्या भांड्यात मात्र तेच देठ कडेला कलंडतात आणि मध्ये पोकळी उरते. अशा भांड्याच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीची उभी-आडवी जाळी केली, की काम भागते. फुलांची उंची भांड्याच्या साधारण दीडपट असावी, हा प्रचलित संकेत ठीकच आहे. फक्त ट्यूलिपचे देठ कापल्यानंतरही वाढत राहतात, हे गृहीत धरावे.

काचेत गढूळ पाणी लगेच दिसते, हा मला तिचा गुणच वाटतो, कारण त्या पाण्यातील जिवाणूंमुळे देठांतील जलवाहिन्या बंद होतात आणि भरल्या भांड्यातही फुले सुकतात. म्हणूनच ज्याच्या तळापर्यंत हात किंवा ब्रश पोहोचत नाही असे भांडे, ते कितीही देखणे असले तरी, मी घेत नाही. फुले टिकवण्यासाठी पाण्यात घालायची पूड बहुधा आम्लधर्मी असते आणि ती धातूला खाते, त्यामुळे पितळी किंवा जस्ताच्या भांड्यात आतून काचेचा पेला ठेवावा. झिलई न दिलेल्या, पाझरणाऱ्या मातीच्या भांड्यालाही हाच उपाय चालतो.