हेड गॅस्केट, मोसंबीचं खोकं आणि बोअरचं पाणी

मे महिना, दुपारचे दोन, बीडहून केजला घरी येताना मांजरसुंब्याचा घाट. इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला तेव्हाच थांबायला पाहिजे होतं, पण जरा वर जाऊन थांबू, सावली बघून थांबू असं करत करत चढलो आणि मग बॉनेटखालून अशी वाफ निघाली की मागचा ट्रकवाला पण हॉर्न वाजवायचा थांबला.

गाडी म्हणजे महिंद्राची जीप, एमएम ५५०, डीआय म्हणजे डिझेल इंजिन, फोर व्हील, १९९७ ची. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, शेतासाठी घेतलेली, विकायचा विषय काढला की ते जेवणावरून उठतात. २५२३ सीसीचं हे इंजिन मुळात ट्रॅक्टरच्या खानदानातलं, त्यामुळं आमच्याकडं त्याला हात लावायला कुणी घाबरत नाही, ही मोठी सोय.

ओढून घरी आणली. सकाळी इंजिन थंडगार असताना रेडिएटरचं झाकण काढून स्टार्टर मारला तर पाण्यात बुडबुडे, नुसते बुडबुडे, पाणी मात्र गार! म्हणजे सिलिंडरमधली हवा दबून पाण्याच्या वाटेत घुसायली. हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक म्हणजे सिलिंडरवाला खालचा, या दोघांच्या मध्ये ते एक पातळ गॅस्केट असतं, त्यानंच आग, पाणी आणि ऑइल तिघांना वेगवेगळं ठेवायचं असतं. डिपस्टिक काढून बघितली, पाणी मिसळून ऑइल चहासारखं झालेलं नव्हतं, तेवढं नशीब.

गल्लीतले एक मामा आयुष्यभर ट्रॅक्टर खोलत आलेत. म्हणले, "घरीच कर की, मी खुर्चीवर बसून सांगतो." आणि खरंच पूर्ण वेळ ते खुर्चीवरच बसले, खाली उतरले फक्त हेड उचलताना. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं हेड आहे, एकट्यानं उचलायच्या भानगडीत पडू नका, कंबर जाईल.

खोलणं अवघड नाही, कशाच्या जागी काय होतं ते ध्यानात ठेवणं अवघड. पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला ढकलणाऱ्या दांड्या, आठ, आणि ज्याची त्याला जागा, कारण वर्षानुवर्षं एकमेकांना घासून त्यांची जोडी जमलेली असते. मी मोसंबीच्या खोक्याला आठ भोकं पाडली, नंबर टाकले, त्यात उभ्या करून ठेवल्या. हेडचे नट-बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे ढिले केले. एकदम एकच मोकळा केला तर हेड वाकायची भीती.

हेड निघालं आणि दिसलं, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधली गॅस्केटची पट्टी काळी पडून कडेला जळालेली. पण मामा तिकडं बघतच नव्हते. ते पाण्याच्या भोकात बोट घालून बघायले, आणि बोट बाहेर आलं ते पांढऱ्या पापुद्र्यासकट. "गॅस्केट मेलंय, पण मारलं कुणी ते बघ."

मारलं मीच. पाच-सहा वर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततोय. आमच्या बोअरचं पाणी असं की बादलीला, नळाला, गिझरला सगळीकडं खपली धरते, मग इंजिनला का नाही धरणार? खपली धरली की पाण्याला उष्णता ओढता येत नाही, इंजिन तापतं. कूलंटची, म्हणजे रेडिएटरसाठी विकत मिळणाऱ्या पाण्याची, आठवण झाली की वाटायचं, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं मिरजेहून, माणसाला प्यायला नव्हतं, गाडीला कसले लाड. त्यात भर म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून पाण्याची वाट उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, कुणीतरी आधीच काढून टाकलेला, अन् रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग मेलेली. झाकण दाब धरत असेल तर पाणी १०० च्या वर जाऊन पण उकळत नाही, दाबच नसेल तर घाटात उकळणारच की.

मग हेड अंबाजोगाईला लेथवाल्याकडं. स्टीलची पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवून बघितला तर मधे फट होती, हेडचा फेस, म्हणजे खालची सपाट बाजू, घासून घेतला. रेडिएटर खोलून साफ केला, थर्मोस्टॅट आणि झाकण नवीन. गॅस्केटपेक्षा या बाकीच्या कामालाच जास्त दिवस गेले, आणि पैसे पण. ब्लॉकचा फेस मी स्वतः साफ केला, सिलिंडरमध्ये चिंध्या कोंबून, हळूहळू, घाई केली असती तर ओरखडे पडले असते.

बसवताना जुनं गॅस्केट नव्यावर ठेवून एकेक भोक जुळवून बघितलं. मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंत आवळला की वाजणारा पाना, मधून बाहेर, तीन टप्प्यांत, आकडा मॅन्युअलमधला. मामा आयुष्यभर हाताच्या अंदाजानं आवळत आलेत, रेंच कट्ट करून वाजला की तोंड वाकडं करायचे. तिसऱ्यांदा वाजल्यावर म्हणले, "आण इकडं," आणि राहिलेले त्यांनीच आवळले.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केले, डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा काढली, इंजेक्टरच्या पाइपा ढिल्या करून स्टार्टर, आणि चौथ्या वेळेला धूर सोडत उठली. झाकण उघडं ठेवून पाच मिनिटं बघत बसलो. एक बुडबुडा नाही!

५०० किलोमीटरनंतर नट-बोल्ट परत चेक करायला मामा हजर होते, टॅपेटही परत बघितले. सीटखाली आता तयार कूलंटचा कॅन असतो. अण्णांनी त्याची किंमत विचारली, मी सांगितली, तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "आमचं पोरगं गाडीला पाणी विकतचं पाजतंय, अन् आम्ही पितो बोअरचं."