दुधाच्या वहीतून सुटलेली बेरीज

दहावीपर्यंत मराठी माध्यम. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मॅट्रिक्स, म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेले आकड्यांचे तक्ते, समोर आल्या, तेव्हा मला त्यांत दहावीतले निश्चयकच दिसले. क्रेमरच्या पद्धतीनं समीकरणं सोडवताना चार आकडे मांडून, तिरपे गुणाकार करून त्यांची वजाबाकी करायची हाताला सवय होती; येणारी एक संख्या म्हणजे निश्चयकाची किंमत. त्यामुळे चाचणीत दोन मॅट्रिक्सची बेरीज आली, तेव्हा मी दोन्हींच्या ‘किमती’ काढून मिळवल्या. पुढच्या प्रश्नात एक मॅट्रिक्स २×२ (दोन ओळी, दोन स्तंभ) आणि दुसरी २×३ होती. रिकाम्या जागी शून्यं भरून मी तिचीही बेरीज केली. दोन्ही उत्तरं चुकली, आणि का चुकली ते कळेना.

ते कळलं घरच्या दुधाच्या वहीतून. तिच्यात ओळीत सकाळ-संध्याकाळ आणि स्तंभात गाय-म्हैस. सोमवारी सकाळी गाईचं १२ लिटर, म्हशीचं ८. संध्याकाळी १० आणि ६. मंगळवारी सकाळी ११ आणि ७, संध्याकाळी ९ आणि ५. दोन दिवसांचा हिशेब करताना आपण सकाळच्या गाईचं दूध सकाळच्याच गाईच्या दुधात मिळवतो: २३, १५, १९, ११. मॅट्रिक्सची बेरीज म्हणजे एवढंच. ज्या ओळीत, ज्या स्तंभात आकडा आहे, त्याच जागेवरचा आकडा त्यात मिळवायचा. उत्तरही मॅट्रिक्सच येतं, एक संख्या नाही.

निश्चयकांचं मग मुद्दाम करून पाहिलं. सोमवारचा निश्चयक −८, मंगळवारचाही −८, पण बेरजेचा −३२. म्हणजे माझी चाचणीतली वाट मुळातच दुसरीकडे जात होती.

शून्याचंही उलगडलं. वहीत शून्य लिहिलं, तर जनावरानं दूध दिलं नाही. रकानाच नसेल, तर त्याबद्दल वही काहीच सांगत नाही. तिथे शून्य भरणं म्हणजे नसलेली नोंद आपल्या पदरची घालणं. म्हणून दोन्हींच्या ओळी तेवढ्याच आणि स्तंभही तेवढेच असावे लागतात.

पण आकार जुळला म्हणून निर्धास्त राहू नका. एकदा धाकट्या भावानं मंगळवारचा तक्ता आडवा-उभा बदलून लिहिला: ओळीत गाय-म्हैस, स्तंभात सकाळ-संध्याकाळ. मी तसाच मिळवला. एकूण ६८ लिटर बरोबर आले, म्हणून शंकाही आली नाही. म्हशीचं दूध मात्र २६ऐवजी २८ लिटर भरलं, आणि म्हशीच्या दुधाचा दर जास्त. पैसे जुळेनात तेव्हा पान उलटून पाहिलं.

आता बेरजेला बसताना आधी दोन्ही तक्त्यांच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचते, आकडे नंतर.