पेशंटचा रोल

कालपासून डोक्यातून जातच नाहीये. एवढंसं तर होतं. ट्रेनिंगचा विषय आध्यात्मिक काळजी आणि संवाद, आणि ट्यूटर मॅडमनी मला पेशंट केलं. कॅन्सर, शेवटची स्टेज, रात्री झोप नाही. समोर नवीन लागलेली पोरगी, हातात एफआयसीएच्या, म्हणजे पेशंटची श्रद्धा आणि आधार विचारायच्या ठरलेल्या प्रश्नांचं कार्ड. तिने पहिला प्रश्न चक्क वाचून दाखवला, मान वर न करता. "कठीण काळात तुम्हाला बळ कशातून मिळतं?"

माझा घसाच दाटला. सगळ्यांना वाटलं काय ॲक्टिंग करतात सिस्टर!

घरी येऊन चिडचिड केली. कुणावर, तेही कळेना. इतकी वर्षं मी विचारते आहे. झोप लागली का, मोशन झालं का, दुखणं शून्य ते दहामध्ये किती. मला कोण विचारतं? इनचार्ज विचारतात ते रजिस्टर पूर्ण झालं का. घरचं तर राहूच दे.

बरं, हे मला नवीन होतं असंही नाही. सिसिली सॉन्डर्स, मूळच्या नर्सच, १९६७ साली लंडनला हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटच्या काळजीचं घर, काढलं. दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं असतं, घरादाराचं असतं, आणि 'माझ्याच वाट्याला का' याचंही असतं, असं सांगणाऱ्या त्या. देव न मानणाऱ्यालाही हा प्रश्न पडतो आणि त्यावर मॉर्फिन चालत नाही. 'आध्यात्मिक क्लेश' तर १९७८ पासून नर्सिंग डायग्नोसिसच्या, म्हणजे नर्सने ओळखायच्या त्रासांच्या, यादीत आहे. परीक्षेला पाठ केलेलं. वॉर्डात मात्र ॲडमिशनच्या कागदावर धर्माचा रकाना भरला की तो विषय मिटला. मग कालच का लागावं एवढं? कार्डावरचा प्रश्न, खोटा आजार, खोटी सिस्टर. तरी लागलं. खोट्या पेशंटला एवढं लागतं, तर खऱ्याला...

असो.

आता मात्र हसू येतंय. कारण माझा घसा दाटल्यावर ती पोरगी बराच वेळ गप्प होती. 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' नाही, पाठीवर थोपटणं नाही. (असल्या पोकळ दिलाशांवर नाइटिंगेलबाई १८५९ सालीच कडाडल्या होत्या, आम्ही अजून देतोय.) त्या शांततेत मी बोलत सुटले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, शांतता किती छान वापरलीस म्हणून.

शांतता कसली! कार्ड खुर्चीखाली पडलं होतं आणि ती पायाने ते ओढत होती.

पुढच्या सेशनला मला पेशंट करू नका, असं मॅडमना आज सांगून आले. म्हणाल्या, बरं, मग तुम्ही सिस्टर व्हा. ते तर त्याहून अवघड. ड्यूटी बदलून मिळते का बघते.