बर्डीच्या स्लॅबखाली संत्र्याच्या साली

ज्या नाग नदीवरून नागपूरला नाव मिळालं, तिला आपण सर्रास ‘नाला’ म्हणतो. तिला मिळणारे ओढे तर नावासकट स्लॅबखाली गेलेत. ते शोधायला आम्ही चौघं मित्र हिवाळ्यातल्या सकाळी अंबाझरी तलावाच्या ओव्हरफ्लोपासून मोक्षधाम स्मशानघाटापर्यंत चालत गेलो. सात-आठ किलोमीटर. रामदासपेठेपर्यंत बघायला फार नाही: नदी बहुतेक उघडी, दोन्हीकडे भिंती, आणि वास असा की पाय आपोआप उचलतात.

खरा वेळ गेला तो बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजाराच्या, अलीकडे, दुकानांखाली शिरणाऱ्या एका नाल्यावर.

झाकलेलं पाणी वरून ओळखता येतं. गल्लीला दोन्ही बाजूंनी उतार असेल तर मधल्या सखल रेषेत उभं राहायचं. तिथे चेंबरची झाकणं एका ओळीत दिसतात. ती ओळ रस्त्याच्या नाही, नाल्याच्या वळणाने जाते. म्हणूनच मध्येच एखादं दुकान तिरपं किंवा तिकोनी बांधलेलं असतं. थंडीत साडेसहाच्या आत गेलं तर झाकणाच्या भोकांतून वाफ निघताना दिसते, कारण सांडपाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. रहदारी सुरू व्हायच्या आधी आवाजही ऐकू येतो. आठनंतर यातलं काही उरत नाही.

आत मात्र कुणीही उतरू नये. नाल्याचं तोंड माणूस वाकून जाईल एवढं मोठं होतं, आमच्यातल्या एकाने टॉर्चही काढला होता. पण साचलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो आणि गाळ पायाने ढवळला की एकदम सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास गेलं की नाकाला वासच कळेनासा होतो. वास गेला म्हणजे धोका टळला असं समजून माणूस पुढे जातो आणि कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी आपल्या देशात सफाई कामगार अजून असेच मरतात. हौसेसाठी तिथे शिरणं मला त्यांचा अपमान वाटतो.

आत न जाता आतली अवस्था कळते ती संत्र्याच्या सालीने. साल तरंगते आणि काळ्या पाण्यात लांबून दिसते. वरून पावलं मोजली: १६० पावलं, पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे १२० मीटर. दोघं वरच्या तोंडाशी, दोघं जिथे नाला पुन्हा उघडा होतो तिथे. फोन चालू ठेवून दहा सेकंदांच्या अंतराने दहा साली सोडल्या. एकच सोडली तर अडकते आणि काहीच समजत नाही.

पहिली साल पाच मिनिटांनी आली. वेग सेकंदाला ०.४ मीटर. हिशेबाला सगळ्यात जलद साल धरावी, बाकीच्या कुठे ना कुठे अडखळलेल्या असतात. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं, म्हणून सरासरी वेगासाठी आकड्याला ०.८५ ने गुणायचं: साधारण ०.३४. मग एकेक करत अकराव्या मिनिटापर्यंत सात आल्या. तीन आल्याच नाहीत.

त्या तीन कुठे थांबल्या असतील, याचा अंदाज तोंडापाशीच येतो. स्लॅबच्या मधल्या खांबाला पन्नी, थर्माकोल, नारळाच्या शेंड्या गुंडाळलेल्या होत्या. खांबाला कचरा धरला की त्यामागे गाळ बसतो, गाळाने तळ वर येतो आणि स्लॅबखालची पोकळी कमी होत जाते. कोरड्या दिवसांत हे कुणाला जाणवत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडली, आणि पाणी लोकांच्या घरांत शिरलं. उघड्या नाल्यातला कचरा दिसतो, काढता येतो. स्लॅबखालचा कुणी बघतही नाही, म्हणून नाल्यांवर स्लॅब टाकायला माझा ठाम विरोध आहे.

पुढे मोक्षधामापर्यंत उन्हं चढली आणि चालणं नकोसं झालं. तिथून नदी पूर्वेला पारडीकडे जाते, मग पिवळी नदी, कन्हान, वैनगंगा. बाहेर आलेल्या सात साली आम्ही काढल्या नव्हत्या. त्याच वाटेने नागपूरचं सांडपाणी वैनगंगेवरच्या गोसीखुर्दच्या धरणात पोचतं.