मिसेससाठी हवाय

पाककृतींचा दिवाळी अंक काउंटरवर ठेवला की पुरुष सभासद मी काही विचारायच्या आत सांगून टाकतो, “मिसेससाठी हवाय.” रहस्यकथांचा अंक नेताना कुणी असा खुलासा करत नाही. ज्योतिषाचा, राजकारणाचा, अगदी चावट विनोदांचा अंकसुद्धा निमूटपणे पिशवीत जातो. फक्त मोदकाचं मुखपृष्ठ हातात आलं की गृहस्थाला आपण विवाहित असल्याची आठवण होते. मग नवऱ्यांना पाककृतींच्या अंकांत खरंच रस असतो का?

डोंबिवली पूर्वेला आमची छोटी लायब्ररी आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली. दिवाळी अंकांची योजना तुम्हाला माहीत असेलच: पैसे एकदाच भरायचे, एका वेळी दोन अंक न्यायचे आणि गुढीपाडव्यापर्यंत वाचत राहायचं. संध्याकाळी गाड्या आल्या की ऑफिसातून परतणारे नवरे परस्पर अंक बदलून जातात. म्हणजे नेणारा नवरा, नाव बायकोचं. त्यामुळे नुसत्या रजिस्टरवरून कोण काय वाचतं ते कळत नाही. ते कळतं अंक परत आल्यावर. फाटलंबिटलं तर नाही ना, हे बघायला मी प्रत्येक अंक चाळते. घरात स्वयंपाकाला वापरला गेलेला अंक ओळखू येतो. त्यावर हळदीचं बोट असतं, तेलाचा पारदर्शक डाग असतो, दोन पानं पिठाने चिकटलेली असतात. आणि काही अंक कोरे करकरीत परत येतात, फक्त मध्ये लोकलचं जुनं तिकीट असतं. मिसेसनी तो अंक पाहिलेलाच नसतो. तो दादर ते डोंबिवली उभ्याने वाचून संपलेला असतो.

तेव्हा नवरे पाककृतींचे अंक वाचतात का, या प्रश्नाचं माझं उत्तर आहे: हो, चांगले मन लावून वाचतात. पुढे काय करतात, ते विचारा.

आमचे एक जुने सभासद आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले, सीकेपी. मासळीचा विभाग असलेला अंक त्यांच्याकडे गेला की पेन्सिलीच्या खुणांसकट परत येतो. “कोळंबी २० मिनिटं? रबर खायचंय का?” “नारळाचं दूध शेवटी. उकळलं की फाटतं.” एका पापलेटाच्या कृतीत टोमॅटो प्युरी आणि क्रीम होतं, तिथे नुसतंच “अरेरे” लिहिलेलं. लायब्ररीच्या पुस्तकात काही लिहायचं नाही हा सासऱ्यांच्या वेळचा नियम, म्हणून मी त्यांना एकदा हटकलं. ते ओशाळले. पण पुढच्याच आठवड्यात दोन बायका “तो काकांच्या खुणांचा अंक आला का हो?” असं विचारत आल्या. मग मीही नियमाकडे काणाडोळा केला. काका स्वतः मासळी आणतात, निवडून आणतात, घरी साफही करून देतात. त्यांच्या मिसेस म्हणतात, त्यानंतर मात्र ते स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून बसतात आणि तिथून कालवण करतात. तोंडाने. तरी मी त्यांना मानते. चुकीचं छापलेलं त्यांना खपत नाही, आणि मासळी साफ करणं म्हणजे निम्मं काम आहे.

मागे एका सभासदाने मला ऐकवलं, “पाककृती हा मुळात बायकांचा प्रांत.” निवृत्त मराठीचे मास्तर होते, म्हणून मी जरा उत्साहाने वाद घातला. म्हटलं, सर, बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिणारा सोमेश्वर हा चालुक्यांचा राजा होता, राणी नव्हे. कल्याणीचा. (आपल्या शेजारचं कल्याण नव्हे, कर्नाटकातलं बसवकल्याण.) त्यात वडे आहेत, इडलीसारखी इडरिका आहे, डोशासारखं धोसक आहे, आणि नदीकाठचे उंदीर भाजायची कृतीही आहे. मराठीत १८७५ साली छापलेलं ‘सूपशास्त्र’ रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आलं ते १९१० साली. म्हणजे पुस्तक लिहायला पुरुष पुढे होतेच, पण वाचणारी कोण ते नावातच ठरून गेलं. मास्तर म्हणाले, “पण घरात कोण रांधत होतं?” तिथे मी गप्प बसले, कारण तो मुद्दा माझाच होता आणि त्यांनी आधी मांडला.

तरीही अंकवाल्यांवर माझा राग आहे. अजून कितीतरी संपादकीयांची सुरुवात “मैत्रिणींनो” अशी होते. आत टोपी घातलेल्या पुरुष शेफचा पानभर फोटो, त्याच्या कृती, आणि वाचायचं मात्र मैत्रिणींनी. नवऱ्याला तो अंक दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडून वाचल्यासारखा वाटत असेल तर नवल नाही. टीव्हीच्या बाबतीत हा संकोच कधी नव्हता. संजीव कपूरचं ‘खाना खजाना’ १९९३ मध्ये सुरू झालं तेव्हापासून घरातले पुरुष सोफ्यावर बसून कांदा परतलेला बघतायत. प्रशांत दामल्यांचं ‘आम्ही सारे खवय्ये’ तर जेवणाच्या टेबलावर चर्चेला असायचं. विष्णू मनोहरांनी २०१७ मध्ये नागपुरात सलग ५० तासांहून जास्त वेळ स्वयंपाक केला, त्याची बातमी मला पहिल्यांदा एका पुरुष सभासदाने सांगितली, क्रिकेटचा विक्रम सांगावा तशी. टीव्ही सगळ्यांसाठी चालू असतो. अंक मात्र हातात धरावा लागतो आणि लोकलमध्ये शेजारचा बघतो.

आता दुसरी जात. हे वाचक अंक हॉटेलच्या मेन्यूकार्डासारखा वाचतात. पान उघडायचं, फोटो काढायचा, बायकोला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, खाली लिहायचं: “करून बघ की.” एका सभासद बाईंनी मला सांगूनच ठेवलंय, “यांना यापुढे पाककृतींचा अंक देऊ नका, हवं तर दोन राजकारणाचे द्या.” मार्गशीर्षातल्या गुरुवारी, त्या उपास सोडायच्या गडबडीत असताना, त्यांना मटण दम बिर्याणीचा फोटो आला होता. मी त्या नवऱ्याला खरोखरच एक वर्ष राजकारणच दिलं.

या जातीला मी ‘रस असलेले’ म्हणून मोजत नाही. खाण्यात रस सगळ्यांनाच असतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के निघाल्या, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यातही बायकांची रोजची २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७. या ९७ मिनिटांत फक्त स्वयंपाकच नाही, सगळं घरकाम आलं. तेव्हा अंकाचं पान किती वेळ उघडं होतं याला फारसा अर्थ नाही.

आणि खरं सांगायचं तर अंकही याच लोकांच्या सोयीचे असतात. सणाचं, पाहुण्यांचं, रविवारचं. रोज सकाळी सहा वाजता ‘आज डब्याला काय?’ हा प्रश्न पडतो त्याचं उत्तर गुळगुळीत कागदावर सापडत नाही. हे मला नीट कळलं ते आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका काकांमुळे. त्यांच्या मिसेसना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. काका आयुष्यात चहापलीकडे गेले नव्हते. मुलगी परदेशात. डब्याचं तिखट काकूंना चालेना. काका एक दिवस आले आणि म्हणाले, “साध्या भाज्या असलेला एखादा अंक आहे का?” त्यांनी मिसेससाठी हवाय असं म्हटलं नाही, आणि त्यांना मात्र तो खरोखर मिसेससाठी हवा होता.

मी सगळं कपाट उपसलं. चीज भरलेली ढोबळी मिरची होती, मशरूमची रस्सम होती, बीटाचे मोमो होते. दुधीची साधी भाजी कुठेही नव्हती. कोण छापणार? ती सगळ्यांना येते असं गृहीत धरलेलं. शेवटी मी त्यांना कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ दिलं. १९७० सालचं पुस्तक, पण वाट्या-चमच्यांचं माप आणि साध्यासुध्या कृती, नव्या नवरीला आहेरात द्यायचे ते उगीच नाही. काकांनी ते इतके दिवस ठेवलं की मी मागायचंच सोडून दिलं. मधे भेटले तेव्हा सांगत होते, काकू पलंगावरून सूचना देतात, बोलणं अजून अडखळतं, पण ‘मोहरी तडतडू दे’ हे मात्र स्वच्छ म्हणतात. आता ते पुस्तक माझ्या दुकानातल्या कुठल्याही अंकापेक्षा जास्त पिवळं झालेलं आहे.

राहिले आमचे हे. एमआयडीसीतल्या कारखान्यात केमिस्ट. त्यांना पाककृतींत खरा रस आहे, पण तो रस तपासनिसाचा. “‘चवीनुसार मीठ’ म्हणजे किती?” “‘अंदाजे पाणी’ असं कुणी छापतं का?” पहिली काही वर्षं मी याला टोमणे समजत होते. नंतर कळलं, माणूस मनापासून अस्वस्थ होतोय. ‘रुचिरा’बद्दलसुद्धा त्यांची शंका होतीच: वाटी कुठली? आमच्या घरात आईकडची, सासूबाईंची आणि भिशीत मिळालेली अशा तीन आकारांच्या वाट्या आहेत. मी म्हटलं, एकच वाटी शेवटपर्यंत वापरा, मग कुठलीही चालते. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ. वाटी मोठी घेतली तर चकल्या जास्त होतील, बिघडणार नाहीत. हे त्यांना एकदम पटलं. प्रमाण म्हटलं की केमिस्ट शांत होतो.

मग त्यांनी लायब्ररीतल्या जुन्या अंकांतल्या अनारशांच्या कृती काढून त्यांचा तक्ता केला. ग्राफपेपरवर. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, सावलीत सुकवायचे, थोडे ओलसर असतानाच दळायचे, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. गुळावर आले की सगळे फुटले. कुणी पिठाच्या बरोबरीने घेतो, कुणी पाऊण, कुणी ‘मावेल तितका’. ‘मावेल तितका’पुढे यांनी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलंय. दिवाळीत तुपात सोडलेला पहिलाच अनारसा हसला, म्हणजे विरघळून तळाशी पसरला. मी असते तर चिडले असते. यांनी वही काढली, “गूळ जास्त, ओलही जास्त” असं लिहिलं, तांदळाचं थोडं पीठ मिसळलं आणि पुन्हा सुरू केलं. नंतरच्या अनारशांना इतकी सुंदर जाळी पडली की सासूबाई म्हणाल्या, “हा माझ्या हाताखाली वाढला असता तर?” आई, तुमच्याच हाताखाली वाढले ना ते!

हा झाला रविवार. सोमवारच्या पोळ्या मीच लाटते. यावर आमच्यात एकदा मोठी चर्चा झाली (भांडण, पण दार लावून) आणि एक नियम ठरला: जो करेल त्यानेच ओटा आवरायचा, भांडीही त्यानेच घासायची, बाईंसाठी ठेवायची नाहीत. नियम यांनी प्रामाणिकपणे पाळला. त्यातून त्यांना एक शोध लागला, जो आमच्या घरातल्या बायकांना तीन पिढ्या माहीत होता. पनीरच्या एका कृतीला छापील वेळ ४० मिनिटं होता. ती करून झाल्यावर सिंकमध्ये मिक्सरची दोन भांडी, गाळणी, परात, दोन कढया, झारा आणि असंच आणखी काही मिळून अकरा भांडी निघाली. हे रात्री साडेअकराला तिथे उभे होते आणि मी टीव्ही बघत होते.

दुसऱ्या दिवशी यांनी त्या मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. मुद्देसूद. प्रत्येक कृतीच्या डोक्यावर तुम्ही वेळ आणि किती माणसांसाठी हे छापता, त्याच ओळीत भांड्यांची संख्याही छापावी: ‘वेळ ४० मिनिटं, माणसं ४, भांडी ११’. वाचकाला निर्णय घेणं सोपं जाईल. सोबत नमुन्यादाखल त्यांच्याच अंकातल्या काही कृतींची भांडी मोजून पाठवली.

उत्तर आलं, याचंच आम्हाला आश्चर्य. सूचनेबद्दल आभार, आणि पुढे: “आपल्या सौ.ची एखादी खास पाककृती फोटोसह अवश्य पाठवावी.”

यांनी अनारशांचा तक्ता पाठवलाय. स्वतःच्या नावाने, भांड्यांच्या संख्येसह. फोटोत एप्रन घालून उभे आहेत; तो मी काढला.