तुम्ही विचारलंत म्हणून : हेलपाट्यांचा रकाना

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी एप्रिल महिना आला की हा प्रश्न हमखास येतो. एखाद्या लग्नात, गावच्या यात्रेत किंवा बसस्टँडवर कोणीतरी ओळखीचा भेटतो आणि विचारतो, "काय हो, महसूल खात्यात सारा जन्म काढलात, लोक तुमच्याविषयी चांगलेच बोलतात, मग तो सर्वोत्तम सेवेचा पुरस्कार तुम्हाला कसा मिळाला नाही?" विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, क्वचित थोडी उकरून काढण्याची हौसही असते, आणि आमच्या बेळगाव भागात या प्रश्नामागे आणखी एक न उच्चारलेला प्रश्न उभा असतो, तो म्हणजे मराठी म्हणून तुम्हाला डावलले का. आजवर मी हसून वेळ मारून नेली. पण तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

मला कोणी डावलले नाही. मी अर्जच केला नव्हता. मराठी मातृभाषेच्या माझ्या दोन सहकाऱ्यांना हा पुरस्कार मिळाला आणि त्या दोघांचेही प्रस्ताव मीच तयार केले होते.

अर्ज हा शब्द ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण सन्मान आपल्या पावलांनी घरी येतो अशी समजूत असते. कर्नाटक सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी 'सर्वोत्तम सेवा प्रशस्ती' देते, राज्य पातळीवर आणि जिल्हा पातळीवर. कन्नडमध्ये प्रशस्ती म्हणजे पुरस्कार. मराठीत प्रशस्ती म्हणजे स्तुती. त्यामुळे "त्याला प्रशस्ती मिळाली" असे कोणी सांगितले की गावाकडच्या माणसाला साहेबांनी चार शब्द कौतुकाचे बोलले असावेत एवढेच वाटते. हा पुरस्कार २१ एप्रिलशी जोडलेला आहे. २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये सरदार पटेलांनी भारतीय प्रशासन सेवेच्या पहिल्या तुकडीसमोर भाषण केले, त्या आठवणीसाठी देशभर हा नागरी सेवा दिन पाळला जातो, आणि २००६ मध्ये सुरू झालेले पंतप्रधानांचे लोकप्रशासनातील उत्कृष्टता पुरस्कारही याच दिवशी दिले जातात. तिथे निवडलेल्या जिल्ह्याला किंवा संस्थेला २० लाख रुपये मिळतात आणि ते लोकोपयोगी कामालाच वापरावे लागतात. जिल्हाधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांचा दिवस एकच असला तरी दिल्लीतला पुरस्कार हा प्रकल्पाला असतो आणि आमच्याकडचा माणसाला, हा फरक मला मोठा वाटतो. प्रकल्पाला आकडे असतात. माणसाला ते गोळा करावे लागतात.

मी तालुका कचेरीत द्वितीय दर्जा सहायक म्हणून लागलो आणि शिरस्तेदार म्हणून बाहेर पडलो. या मधल्या काळात आस्थापनेचे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या कागदपत्रांचे टेबल माझ्याकडे बरीच वर्षे होते, त्यामुळे इतरांचे प्रस्ताव माझ्या हातांखालून जात. चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला जोडायचा, गोपनीय अहवालातला शेरा पाहायचा, वरिष्ठांची शिफारस घ्यायची आणि मग 'विशेष साधने' या रकान्याकडे वळायचे. कन्नडमध्ये साधने म्हणजे कर्तबगारी. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मराठी शिपायाने हा रकाना वाचून विचारले होते, "साधने म्हणजे टेबल-खुर्ची लिहायची का?" त्या वेळी आम्ही सगळे हसलो, पण पुढे मला त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा वाटेनासा झाला, कारण या रकान्यात जे भरले जाई ते बहुधा दाखवता येण्यासारखे असे. वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, वर्तमानपत्रातले कात्रण, मंत्र्यांबरोबरचे छायाचित्र. पुराच्या वर्षी पुरातले काम. ते काम खरे असे, मी ते डोळ्यांनी पाहिलेले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा एकदम फुगल्या तेव्हा आमची माणसे दोन-दोन दिवस घरी गेली नव्हती. पण प्रस्तावात ज्याचे छायाचित्र होते त्याचे काम उठून दिसले आणि जो त्या वेळी नावेतून म्हाताऱ्यांना उतरवून घेत होता त्याच्या हातात मोबाईल नव्हता. यात कोणाची लबाडी नाही. कागदाला जे कळते तेच कागद सांगतो.

कागदाला हेलपाटा कळत नाही, हे माझे या विषयावरचे सगळे म्हणणे आहे.

सरकारी कचेरीतल्या माणसाचे काम चांगले की वाईट हे ठरवायला लोकांकडे एकच माप असते, ते म्हणजे किती हेलपाटे घातले. कर्नाटकाने यावर कायदाही केला. २०११ चा तो कायदा 'सकाल' या नावाने २ एप्रिल २०१२ पासून राज्यभर लागू झाला. सकाल म्हणजे वेळेवर. आमची मराठी माणसे त्याला सरसकट 'सकाळ' म्हणतात आणि "संध्याकाळपर्यंत तरी होऊ दे" अशी कोटीही करतात. अर्ज दिला की क्रमांकाची पोचपावती मिळते, दिवस ठरलेले असतात, आणि उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, अर्जदाराला भरपाई मिळते व ती संबंधित कर्मचाऱ्याकडून वसूल करता येते. कायदा चांगला आहे आणि त्याने पुष्कळ टेबलांवरची धूळ झटकली गेली. परंतु त्याचे घड्याळ अर्ज स्वीकारल्यावर चालू होते. अर्ज 'अपूर्ण आहे, हे आणा, ते आणा' म्हणून खिडकीवरूनच परत गेला तर तो हेलपाटा कोठेही नोंदला जात नाही, आणि 'सकाल'च्या कामगिरीवरून लागणाऱ्या क्रमवारीत जिल्ह्याचे स्थान मात्र उत्तम राहते.

आमच्या भागात हे हेलपाटे मुख्यतः दोन कारणांनी पडतात आणि दोन्ही भाषेची आहेत. पहिले असे, की १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला, कचेरीची भाषा कन्नड झाली, आणि खेड्यातला मराठी शेतकरी आपल्याच जमिनीची नोटीस वाचण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला. त्याने मराठीत अर्ज दिला तर तो बेकायदा ठरत नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार दिलेला आहे. अर्ज तो देऊ शकतो. उत्तर कोणत्या भाषेत येईल हे तो अनुच्छेद सांगत नाही. दुसरे कारण नावांचे आहे. भूमी प्रकल्पात जमिनीचे उतारे संगणकावर चढले, हाताने लिहिलेला उतारा बंद झाला, आणि तालुक्याच्या खिडकीवर ठरावीक शुल्क भरून छापील उतारा मिळू लागला. लाच कमी झाली, वेळ वाचला, हे मी अनुभवाने सांगतो. पण हजारो मराठी नावे घाईघाईने कन्नड लिपीत उतरवताना कुऱ्हाडेंचे कुराडे झाले, चव्हाणांचे चवान झाले, आणि ही गोष्ट त्या कुटुंबाला कळली ती पुढे कधीतरी, बँकेच्या दारात.

एक बाई मला अजून आठवतात. घाटाकडच्या गावातून पहाटेच्या बसने येत. नवऱ्याच्या पश्चात वारसा नोंद करून घ्यायची होती. त्या दिवशी पाऊस होता, घोंगडीची खोळ काखेत होती, आणि प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेली नोटीस त्यांनी माझ्या टेबलावर दोन्ही हातांनी सारखी केली.

"साहेब, तिसऱ्यांदा आलो मी. काय ऱ्हायलंय ते तरी एकदा सांगा की ओ."

(आमच्याकडच्या बायका 'आले' म्हणत नाहीत, 'आलो' म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना गंमत वाटते.) नोटीस काही अवघड नव्हती. उताऱ्यातले आणि मृत्यूच्या दाखल्यातले नाव जुळत नव्हते, म्हणून एक प्रतिज्ञापत्र हवे होते, आणि वंशवृक्षावर धाकट्या मुलाची सही राहिली होती. पहिल्या दोन खेपांना त्यांना कोणी खोटे सांगितले नव्हते. कन्नडमध्ये खरे सांगितले होते.

मी टेबलाच्या खणातून कागदाचा तुकडा काढला. एका बाजूला छापलेले आणि दुसऱ्या बाजूला कोरे असे बाद झालेले कागद मी चार-चार तुकडे करून दोऱ्याने बांधून ठेवत असे. त्यावर पेन्सिलीने मराठीत तीन ओळी लिहिल्या : काय आणायचे, कोणाची सही घ्यायची, कोणत्या वारी यायचे. खाली तेच कन्नडमध्ये, म्हणजे मी जागेवर नसलो तरी दुसऱ्याला कळावे. म्हटले, "मावशी, ही चिठ्ठी मुलाला दाखवा आणि आता गुरुवारीच या." त्या गुरुवारी आल्या आणि काम झाले. चौथा हेलपाटा शेवटचा ठरला.

अशा चिठ्ठ्या मी किती लिहिल्या याची मोजणी नाही. ते माझे कर्तव्य नव्हते आणि कोणत्या नियमाचा भंगही नव्हता. पुढे एका वर्षी वरिष्ठांनीच आग्रह केला की यंदा तुमचा प्रस्ताव पाठवा, दुसऱ्यांचे किती दिवस लिहिणार. मी कोरा फॉर्म घेतला. नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, मूळ वेतन हे भरले. विशेष साधने या रकान्याशी आलो आणि कच्च्या कागदावर प्रामाणिकपणे लिहिले की मराठी भाषक अर्जदारांना नोटिशीचा मजकूर त्यांच्या भाषेत समजावून देऊन त्यांचे हेलपाटे कमी केले. वरिष्ठांनी ते वाचले. माणूस सज्जन होता, धारवाडकडचा. मराठी त्यांना चांगली समजत असे. ते हळूच म्हणाले, "इदन्ना बरीबेडी." हे लिहू नका. हे वर गेले की कोणी म्हणेल कचेरीत मराठीत कारभार चालतो, दुसरा कोणी म्हणेल बघा, मराठी माणसांवर अन्याय होतो याची कचेरीनेच कबुली दिली. तुमच्या तीन ओळींचा मोर्चा होईल. त्यापेक्षा निवडणुकीच्या कामाचे लिहा.

सल्ला व्यवहाराला धरूनच होता आणि मला त्याचा राग आला नाही. निवडणुकीचे काम मी केले होते, तसे सगळ्यांनीच केले होते. तो फॉर्म मी खणात ठेवला.

या बाबतीत मला बसचालकांचा हेवा वाटतो. आमच्याकडच्या परिवहन महामंडळात ठरावीक वर्षे अपघाताविना गाडी चालवणाऱ्या चालकाला रौप्यपदक मिळते आणि त्याहून अधिक वर्षे झाली की सुवर्णपदक. त्याच्यासाठी कात्रणे नकोत की छायाचित्रे नकोत. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याची गाडी नेणाऱ्या माणसाने काय केले, तर काही घडू दिले नाही, आणि डेपोतल्या नोंदवहीत न घडलेल्या गोष्टीचीच मोजणी होते. न पडलेल्या हेलपाट्यांची अशी वही कोणी ठेवली असती तर आमच्या कचेरीतली दोन-तीन माणसे सहज सुवर्णपदकाला पोचली असती. त्यांतली एक तर टपाल टेबलावरची बाई होती, जिने जन्मात कधी भाषण केले नाही.

समारंभाला मात्र मी आवर्जून जात असे. बेळगावच्या कुमार गंधर्व रंगमंदिरात पुरस्कार स्वीकारताना आमच्या माणसाच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा चढे, गळ्यात हार पडे आणि हातात फळांची परडी येई. आणि तोच माणूस मराठी वस्तीतल्या आपल्या गावी परतला की तरुण मंडळ त्याला कोल्हापुरी फेटा बांधून शाल-श्रीफळ देई. दोन्ही पागोटी घातलेली छायाचित्रे काही घरांत शेजारी-शेजारी लावलेली आहेत आणि मला ती पाहायला आवडतात. खटकते ते वेगळेच. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या मानधनावर असतात, सरकारी कर्मचारी म्हणून त्यांची गणना होत नाही, म्हणून या सभागृहात त्या असतात त्या टाळ्या वाजवायला. डोंगरातल्या वाडीवरची बाळंतीण रात्री दवाखान्यात कोणी पोचवली हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी अधिक काय सांगावे? पैसे घेऊन 'राष्ट्रीय आदर्श' पुरस्कार वाटणाऱ्या खासगी मंडळींविषयी मी इथे लिहीत नाही, कारण त्यांचा सेवेशी संबंध नाही.

राहिला माझा फॉर्म. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात खण रिकामा करताना तो पुन्हा हाती लागला. पुढच्या बाजूला नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि त्याखाली मोठा रिकामा चौकोन; मागची बाजू संपूर्ण कोरी. त्याच वेळी खिडकीवर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, हातात नोटीस धरून, आणि दोऱ्याने बांधलेले तुकडे तर संपले होते. मी फॉर्मची घडी घातली, पट्टीने चार तुकडे केले. कोणता तुकडा त्यांच्या वाट्याला गेला ते मी पाहिले नाही. त्यांना सोमवारी यायला सांगितले होते.