हबशिवायचे ट्रान्सॲक्सल : पेनसिल्व्हेनियाची एक महागडी फेरी

व्हील हॉर्सच्या जुन्या, बागकामाच्या छोट्या ट्रॅक्टरसाठी सेकंडहँड ट्रान्सॲक्सल (गियरबॉक्स आणि मागचा ॲक्सल यांचा एकत्र भाग) आणायला कोणी न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियाकडे निघणार असेल, तर माझे मत आधीच सांगून टाकतो: हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसते तो भाग, नसलेले ट्रान्सॲक्सल फुकट मिळाले तरी घेऊ नये. विक्रेत्याने फोनवर १५० डॉलर आणि सर्व भागांसहित असे सांगितले होते. त्या भरवशावर मी आणि माझा मेहुणा पहाटेच एडिसनहून निघालो. भंगार यार्डात पोहोचल्यावर मात्र हब वेगळे, प्रत्येकी ४० डॉलर, आणि गाडीत चढवून देण्याचे २० डॉलर आणखी, असा हिशेब समोर आला.

माझा ट्रॅक्टर सी-१२० हा १९७० च्या दशकातला, बारा अश्वशक्तीच्या कोहलर इंजिनाचा आहे. इंडियानातील साउथ बेंडची व्हील हॉर्स कंपनी १९८६ साली टोरो या कंपनीने घेतली. अख्खे नवे ट्रान्सॲक्सल आता मिळत नाही, त्यामुळे भंगार यार्ड आणि संग्राहक यांच्याच दारी जावे लागते. माझ्या गियरबॉक्समध्ये गियरच्या दांड्याखालचे रबरी बूट फाटल्यामुळे वर्षानुवर्षे पाणी उतरत राहिले होते, आतले तेल दुधाळ झाले होते आणि चढावर दुसरा गियर हमखास सुटत होता.

रस्त्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. आय-७८ वर लीहाय खोऱ्याच्या आसपास ट्रकची गर्दी असते, हॅरिसबर्गनंतर मोकळे वाटते. परतताना गेटिसबर्ग पाहिले; ते छान आहे.

यार्डात माल तपासताना घाई करू नये आणि विक्रेत्याच्या गप्पांकडे लक्ष देऊ नये. सोबत कॅलिपर असलाच पाहिजे, कारण काही जुन्या मॉडेलांचा ॲक्सल एक इंचाचा आणि सी-१२० चा १ १/८ इंचाचा असतो, आणि एकाचे हब दुसऱ्यावर बसत नाहीत. ज्याला आठ गियरचे म्हणतात त्यात पुढचे सहा व मागचे दोन असतात. पुली हाताने फिरवत हाय आणि लो अशा दोन्ही श्रेणींत सगळे गियर पाहून घ्यावेत. तळाचे तेल काढून बोटांवर चोळावे: दुधाळ असेल तर पाणी शिरलेले आहे, चमकी लागली तर दाते झिजलेले आहेत, आणि तसे दिसल्यास तिथूनच परत फिरावे. मला दाखवलेल्या बॉक्सचे तेल काळे पण स्वच्छ होते, ॲक्सलचे चावीगाळेही (हब घट्ट धरणारी चावी बसते त्या खाचा) शाबूत होते. दोन्ही हब मात्र चावीगाळ्यात खाल्लेले निघाले. त्यांचे ८० डॉलर द्यायला मी नकार दिला, चढवणावळीवरून वाद घातला आणि १६० वर सौदा मिटवला. माझ्या मते तेही जास्तच होते.

जुना बॉक्स सोडवणे सोपे आहे. सीट, मडगार्ड, गियरचे दांडे, बेल्ट, ब्रेकची सळई आणि मागची हिच प्लेट काढली, की चौकटीला धरणारे चार बोल्ट तेवढे उरतात. चौकट स्टँडवर पक्की टेकवून चाकांसह बॉक्स हातगाडीसारखा मागे ओढून घेता येतो.

खरा घाट इथून पुढे लागतो, कारण यार्डातले हब घेतले नसल्याने जुन्या बॉक्सचेच हब काढून दुसऱ्यावर चढवायचे होते. न्यू जर्सीत हिवाळाभर बर्फ ढकलणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या हबांत मीठ आणि पाणी मुरते, आणि हब ॲक्सलला असा चिकटतो की दोन वेगळे भाग आहेत हे पटत नाही. लॉकनट सैल करून चौकोनी डोक्याचा सेट स्क्रू काढावा आणि त्या भोकात टॉर्च मारून नीट पाहावे, कारण माझ्या उजव्या हबमध्ये त्याच्या खाली आणखी एक स्क्रू दडलेला होता. नेहमीचा नख्यांचा पुलर फ्लँजला, म्हणजे हबच्या चकतीला, मुळीच लावू नये, बिडाची कड तडकते. जाड पोलादी पट्टी चाकांच्या पाच बोल्टांनी हबला आवळून मधला बोल्ट ॲक्सलच्या टोकावर दाबत न्यावा. टोकावर घणाचे घाव घालू नयेत, कारण ॲक्सल आतल्या डिफरेन्शियलमध्ये सर्कलिपने धरलेला असतो आणि तो मार तिथेच बसतो. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या ऑइलचे मिश्रण सांध्यात रोज सोडावे, ताण ठेवून रात्रभर तसेच राहू द्यावे, मग हबलाच, ॲक्सलला नव्हे, गॅसच्या ज्योतीने तापवावे. मागचे ऑइल सील जळणार हे गृहीत धरून नवे आधीच मागवून ठेवावे.

"दाजी, हलला का हो, की मलाच भास होतोय?" असे मेहुण्याने विचारले, तेव्हा मी त्याच्याकडे न बघता बोल्ट आणखी पाव फेरा दिला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि हब केसभर सरकला. त्या आवाजानंतर आम्ही दोघे अंगणात नाचलो, त्यामुळे पुढचे काम सोपे होते असे मी सांगितले तर त्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

ज्यांना थांबणे शक्य आहे त्यांनी यार्डांच्या नादी न लागता जूनपर्यंत थांबावे. गेटिसबर्गजवळच्या आरेंट्सव्हिलला व्हील हॉर्सच्या संग्राहकांचा मेळावा भरतो, आणि तिथे हबांसकट बॉक्स हाताळून घेता येतो.

बसवताना चावीगाळा पॉलिश पेपरने साफ करून नवी अर्धगोल चावी घालावी, ॲक्सलवर अँटी-सीझचा (भाग एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पातळ थर द्यावा आणि नवे रबरी बूट विसरू नये. नव्वद नंबरचे गियर ऑइल दोन क्वार्टच्या आसपास लागते. सेट स्क्रू तासभर ट्रॅक्टर चालवून पुन्हा आवळावा, कारण सैल स्क्रूमुळेच चावी आणि गाळा खाल्ला जातो. माझा डावा स्क्रू पहिल्याच शनिवारी आणखी अर्धा फेरा गेला.